अधिकृत आणि त्रयस्थ : विकेंद्रित समाजमाध्यमातील ॲपची निवड

१. प्रास्ताविक

एखाद्या ग्रंथाच्या अभ्यासाला आरंभ करताना त्याची कोणती आवृत्ती हाती घ्यावी, हा प्रश्न अभ्यासकाला प्रथम सोडवावा लागतो. संपादक कोण, पाठ कसा निश्चित केला, काय गाळले, टीपा कोणी जोडल्या, याची चौकशी केल्यावाचून तो अवतरण देत नाही. समाजमाध्यमांवरील लेखन अभ्यासविषय म्हणून स्वीकारताना मात्र हीच दक्षता पुष्कळदा सुटते. पडद्यावर जे दिसते तेच मूळ लेखन, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः वाचक आणि लेखन यांच्यामध्ये एक ॲप उभे असते. लेखनाचा क्रम कोणता, कोणाचे लेखन आधी दिसावे, भाषांतर कोणाचे, एखाद्या कृतीला नाव काय, हे सारे काही अंशी ते ॲप ठरवीत असते.

बहुतेक समाजमाध्यमांत या मध्यस्थाची निवड वाचकाच्या हाती नसते. कंपनीचे ॲप तेच एकमेव ॲप. विकेंद्रित समाजमाध्यमात मात्र ही निवड उपलब्ध असते आणि म्हणूनच तिचे परिणामही तपासता येतात. प्रस्तुत लेखात मॅस्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमाच्या संदर्भात 'अधिकृत' ॲप आणि 'त्रयस्थ' ॲप्स यांतील निवडीचा विचार केला आहे. निवडीचे निकष सांगणे हा त्याचा एक हेतू आहे. मात्र ते सांगण्यापूर्वी 'अधिकृत' आणि 'त्रयस्थ' या संज्ञा येथे खरोखर लागू पडतात काय, हे पाहणे आवश्यक आहे.

२. खाते, सर्व्हर आणि ॲप

मॅस्टोडॉन हे जर्मनीतील ऑयगेन रोच्को यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. असे अनेक स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी जोडले जाऊन एक जाळे तयार होते. एका सर्व्हरवरील व्यक्तीला दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्तीचे लेखन वाचता येते, त्याला उत्तर देता येते. ईमेलच्या व्यवहाराशी हे बऱ्याच अंशी मिळतेजुळते आहे. आपले खाते एका संस्थेकडे असते, पत्र कोणत्याही संस्थेतील खात्यावर जाऊ शकते, आणि आलेली पत्रे कोणत्या प्रणालीत उघडून वाचायची ते आपण ठरवतो.

सर्व्हरांनी एकमेकांशी कसा संवाद करावा याचे नियम 'ॲक्टिव्हिटीपब' या मानकात दिले आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २३ जानेवारी २०१८ रोजी त्याला शिफारशीचा दर्जा दिला. या मानकाचे दोन भाग आहेत. सर्व्हर आणि सर्व्हर यांच्यातील व्यवहार हा पहिला आणि वाचकाचे ॲप व सर्व्हर यांच्यातील व्यवहार हा दुसरा. मॅस्टोडॉनने यांपैकी पहिला भाग स्वीकारला. ॲप आणि सर्व्हर यांच्यासाठी मात्र त्याने स्वतःची वेगळी संवादपद्धती, म्हणजे स्वतःचा एपीआय, रचला. तो सर्वांना खुला आहे. प्लेरोमा, गोटूसोशल यांसारख्या इतर सर्व्हर-सॉफ्टवेअरांनीही तो आपल्याकडे राबवला आहे. त्यामुळे मॅस्टोडॉनसाठी लिहिलेले ॲप बहुधा तेथेही चालते.

या रचनेतून व्यवहारात तीन गोष्टी निष्पन्न होतात. खाते, अनुसरणाची यादी, जपून ठेवलेल्या पोस्ट आणि आपण तयार केलेल्या याद्या सर्व्हरवर असतात. ॲप बदलल्याने त्यांतील काहीही नष्ट होत नाही. अर्धवट मसुदे आणि वाचन कोठवर झाले याची खूण यांसारख्या काही गोष्टी तेवढ्या ॲपपाशी राहू शकतात. दुसरी गोष्ट अशी की, ॲपला परवानगी देताना पासवर्ड सर्व्हरच्या स्वतःच्या पानावर द्यायचा असतो, तो ॲपच्या हाती जात नाही. दिलेली परवानगी सर्व्हरवरील खात्याच्या मांडणीत जाऊन केव्हाही काढून घेता येते. तिसरी गोष्ट म्हणजे एकाच खात्यावर दोन-तीन ॲप्स एकाच वेळी वापरता येतात. याच्या तुलनेत सर्व्हर बदलणे अधिक जड असते. अनुयायी नव्या खात्याकडे वळवता येतात, परंतु पूर्वी लिहिलेल्या पोस्ट जुन्याच सर्व्हरवर राहतात. म्हणून सर्व्हरची निवड विचारपूर्वक करावी आणि ॲपची निवड निर्भयपणे करावी, असे म्हणता येईल.

३. 'त्रयस्थ' कोण?

'थर्ड पार्टी' ही संज्ञा कराराच्या भाषेतून आलेली आहे. वाहनविम्यामुळे ती मराठी भाषकांच्या नित्य परिचयाची झाली आहे. वाहनमालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा आणि करारात नसलेला परंतु व्यवहाराची झळ पोचणारा तो तिसरा. समाजमाध्यमाच्या बाबतीत कंपनी हा पहिला पक्ष, वापरकर्ता हा दुसरा आणि कंपनीबाहेर राहून ॲप रचणारा हा तिसरा, अशी मांडणी रूढ झाली.

ट्विटरच्या बाबतीत ही मांडणी योग्यच होती. तेथील तिसऱ्या पक्षाचा इतिहास मात्र उद्बोधक आहे. २००७ मध्ये आलेल्या ट्विटरिफिक या बाहेरच्या ॲपने पक्ष्याचे चिन्ह वापरले आणि 'ट्वीट' हा शब्दही रुळवला. पडदा खाली ओढून नवे लेखन मागवण्याची आज सार्वत्रिक झालेली लकब 'ट्वीटी' या बाहेरच्या ॲपमधून आली. २०१० साली ट्विटरने ते ॲप विकत घेऊन आपले अधिकृत ॲप केले. म्हणजे माध्यमाची परिभाषा आणि वाचनाची लकब या दोहोंची जडणघडण काही अंशी बाहेरच्यांनी केली. तरीही जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या ॲप्सचा प्रवेश पूर्वसूचनेवाचून बंद केला आणि काही दिवसांनी नियमांत तसा बदल करून त्यावर शिक्कामोर्तब केले. ट्विटरिफिक आणि ट्वीटबॉट ही ॲप्स त्यामुळे संपली. त्याच वर्षी रेडिटने आपल्या एपीआयसाठी आकारलेल्या दरांमुळे अपोलो हे लोकप्रिय ॲप ३० जूनला बंद झाले. जेथे पहिला पक्ष एकच असतो तेथे तिसऱ्याचे अस्तित्व त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

मॅस्टोडॉनच्या बाबतीत कालक्रमच उलटा आहे. त्याचे अधिकृत आयफोन ॲप २०२१ च्या जुलैत आले, अँड्रॉइडसाठीचे एप्रिल २०२२ मध्ये आले. त्यापूर्वी सुमारे पाच वर्षे सर्व्हरचे वेबपृष्ठ एवढेच काय ते अधिकृत रूप होते. फोनवरचे ॲप हवे असेल तर बाहेरच्यांनी रचलेले ॲप घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

या काळाशी भारताचा एक प्रत्यक्ष संबंध आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ अधिवक्ता संजय हेगडे यांचे ट्विटर खाते स्थगित करण्यात आले. आधी नाझी अभिवादनास नकार देऊन हात बांधून उभ्या असलेल्या ऑगस्ट लांडमेसर याच्या छायाचित्रावरून आणि नंतर हिंदी कवी गोरख पांडेय यांच्या कवितेच्या पोस्टवरून ही कारवाई झाली. तिच्या निषेधार्थ अनेक भारतीय वापरकर्ते त्या नोव्हेंबरात मॅस्टोडॉनकडे वळले. एका कवितेचे प्रसारण कोणाच्या अधिकारात आहे, हा प्रश्न या स्थलांतराच्या मुळाशी होता, म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने त्याची नोंद घेणे अगत्याचे आहे. या मंडळींना फोनवर मॅस्टोडॉन भेटले ते टस्की यांसारख्या बाहेरच्या ॲपमधून. अधिकृत ॲप तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

कालक्रम बाजूला ठेवला तरी संज्ञेची अडचण उरतेच. एखाद्याचे खाते विद्यापीठाच्या, मित्रमंडळाच्या वा एखाद्या भाषिक समूहाच्या सर्व्हरवर असेल, तर त्याचा करार त्या सर्व्हरच्या चालकाशी असतो. मॅस्टोडॉन रचणारी संस्था त्या करारात नसते. अशा वापरकर्त्याच्या दृष्टीने तथाकथित अधिकृत ॲप हेदेखील त्रयस्थाचेच ॲप ठरते. येथे 'अधिकृत' याचा अर्थ एवढाच की, सर्व्हरचे सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनीच हे ॲपही रचले आहे. त्याला प्रमाणपाठाचा अधिकार त्यामुळे प्राप्त होत नाही. एकाच संहितेच्या अनेक आवृत्त्यांपैकी ती एक आवृत्ती आहे, आणि तिच्याही संपादकाची काही भूमिका आहे.

४. अधिकृत ॲपची संपादकीय भूमिका

ही भूमिका कोणती? नवागताला वाट सोपी करून देणे, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. अधिकृत ॲपच्या पहिल्या आवृत्तीत स्थानिक टाइमलाइन आणि संलग्न टाइमलाइन या दोन्ही ठेवलेल्या नव्हत्या. स्थानिक टाइमलाइन म्हणजे आपल्याच सर्व्हरवरील सर्वांच्या जाहीर पोस्टचा प्रवाह. संलग्न टाइमलाइन म्हणजे आपल्या सर्व्हरवरील आणि त्याच्यापर्यंत पोचलेल्या इतर सर्व्हरांवरील जाहीर पोस्टचा प्रवाह. नवागताला अनोळखी लेखनाचा लोंढा गोंधळात टाकतो आणि आपण ज्यांना अनुसरतो त्यांचेच लेखन महत्त्वाचे, असा विचार त्यामागे होता. त्यावर जुन्या वापरकर्त्यांकडून बरीच टीका झाली. छोट्या सर्व्हरची स्थानिक टाइमलाइन म्हणजे त्या समूहाचा चव्हाटा, आणि तोच दिसेनासा झाल्यास स्वतंत्र सर्व्हरचे प्रयोजन काय, असा टीकेचा रोख होता. पुढील काळात या भूमिकेला मुरड घालण्यात आली.

दुसरे उदाहरण २०२३ च्या मेमधील आहे. सर्व्हर कोणता निवडावा या प्रश्नाशी अडखळून अनेक जण परत जात, म्हणून नोंदणीच्या वेळी 'मॅस्टोडॉन डॉट सोशल' हा विकासक संस्थेचाच सर्व्हर पूर्वनिवडीने पुढे करण्यास अधिकृत ॲपने आरंभ केला. दुसरा सर्व्हर निवडण्याची वाट खुलीच होती. परंतु जे आपोआप पुढे येते तेच बहुसंख्य स्वीकारतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. विकेंद्रित रचनेत केंद्र परत येते ते बहुधा अशा पूर्वनिवडीच्या दारातून.

अधिकृत ॲपच्या जमेच्या बाजूही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. त्याच्यामागे एक संस्था उभी असल्याने एका व्यक्तीच्या उत्साहावर ते अवलंबून नाही. ते विनामूल्य आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. सॉफ्टवेअर आणि ॲप एकाच संस्थेकडे असल्याने सर्व्हरमधील नव्या सोयींची जाण त्याला सहसा लवकर येते. मॅस्टोडॉनने दीर्घकाळ हेतुतः टाळलेली, दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून तिच्यावर लिहिण्याची सोय नोव्हेंबर २०२५ मधील ४.५ या आवृत्तीत दिली. आपले लेखन कोणी उद्धृत करावे हे ठरवण्याचा अधिकार त्यात मूळ लेखकाला आहे. ज्या ॲपने ही सोय आत्मसात केलेली नाही तेथे असे अवतरण केवळ दुव्याच्या रूपात उरते.

५. त्रयस्थ ॲप्स : शाखा आणि स्वभाव

त्रयस्थ ॲप्सचा विचार एक गट म्हणून करणे सोयीचे असले तरी यथार्थ नाही. टस्की हे अँड्रॉइडवरील ॲप २०१७ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. आयव्हरी हे ट्वीटबॉट रचणाऱ्या टॅपबॉट्सचे सशुल्क ॲप आहे. ट्विटरने दार लावल्यावर काही दिवसांतच, जानेवारी २०२३ मध्ये, ते आयफोनवर आले. त्याच सुमारास आलेले आइस क्यूब्स मुक्त स्रोत आहे. फॅन्पी आणि एल्क ही ॲप्स ब्राउझरमध्येच चालतात. त्यांसाठी फोनवर काही उतरवून घ्यावे लागत नाही.

मेगालोडॉन आणि मोशिडॉन यांची कथा पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष परिचित वाटेल. अधिकृत अँड्रॉइड ॲपचा खुला सोर्स कोड घेऊन, त्यात गाळलेली संलग्न टाइमलाइन आणि इतर सोयी पुन्हा घालून मेगालोडॉन तयार झाले. मेगालोडॉनवरून पुढे मोशिडॉन निघाले. मूळ संहिता, तिच्यावरून झालेली प्रत आणि त्या प्रतीवरून झालेली दुसरी प्रत अशी ही वंशावळ आहे. फरक एवढाच की, हस्तलिखितांच्या परंपरेत बदलांचे कर्तृत्व बहुधा अनुमानाने ठरवावे लागते, येथे प्रत्येक बदलाची दिनांकित नोंद उपलब्ध असते.

त्रयस्थ ॲप्सचा मोठा धोका त्यांच्या आयुष्याचा आहे. पिनाफोर हे साधे, वेगवान आणि वाचनसुलभ वेब-ॲप एका विकासकाने २०१८ पासून चालवले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याने त्यातून निवृत्ती घेतली. त्याचा सोर्स कोड खुला असल्याने इतरांना त्यावरून नव्या शाखा काढता आल्या. बंदिस्त ॲपच्या बाबतीत ही शक्यता उरत नाही. म्हणून त्रयस्थ ॲप निवडताना सोर्स कोड खुला आहे काय, हा प्रश्न तत्त्वाइतकाच टिकाऊपणाचाही आहे.

त्रयस्थ म्हणजे तटस्थ नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जुलै २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या समाजमाध्यमाने मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर स्वीकारले, तेव्हा टस्कीच्या कर्त्यांनी गॅबच्या खात्यांना आपल्या ॲपमधून प्रवेश नाकारला. उलट ऑगस्ट २०२० मध्ये गूगलने या जाळ्यावरील काही ॲप्सना, त्यांतून द्वेषमूलक लेखनापर्यंत पोचता येते या कारणावरून, ॲपभांडारातून काढून टाकण्याची ताकीद दिली. ॲप ही केवळ खिडकी आहे की तिच्या कर्त्यावर पलीकडच्या दृश्याचीही जबाबदारी येते, हा वाद या दोन्ही प्रसंगांत उभा राहिला. विकेंद्रित जाळे वाचण्याचे साधन फोनवर उतरवण्यासाठी दोनच मोठ्या कंपन्यांच्या भांडारांतून जावे लागते, ही विसंगतीही त्यातून पुढे आली. एफ-ड्रॉइडसारखे मुक्त स्रोत ॲप्सचे स्वतंत्र भांडार अँड्रॉइडवर तरी तिच्यावर एक उतारा आहे.

६. भाषा आणि वाचन

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा प्रश्न भाषेचा आहे. मॅस्टोडॉनवरील पोस्टला भाषेची खूण जोडलेली असते आणि मराठीसाठी तिचे स्वतंत्र संकेताक्षर आहे. या खुणेवर बरेच काही अवलंबून असते. जाहीर टाइमलाइनमधून हव्या त्या भाषांचेच लेखन निवडणे तिच्यामुळे शक्य होते. अनेक भाषांत लिहिणाऱ्या लेखकाचे केवळ एका भाषेतील लेखन अनुसरण्याची सोयही २०२२ पासून आहे. भाषांतराचे बटन दाखवायचे की नाही, हेही तिच्यावरून ठरते. दृष्टिहीनांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर उच्चारासाठी तिचा आधार घेऊ शकते. एवढेच नव्हे तर, ज्या टंकांत तशी सोय आहे तेथे 'ल' आणि 'श' या अक्षरांची वळणे मराठी धाटणीची दिसावीत की हिंदी, हेसुद्धा भाषेच्या खुणेवर ठरू शकते.

ही खूण लेखकाने द्यायची असते आणि ती देण्याची सोय ॲपने करायची असते. ॲपमध्ये भाषा निवडण्याची जागाच नसेल, किंवा ती चटकन सापडत नसेल, तर खात्याची मूळ भाषा आपोआप लागते. मग मराठी लेखनावर इंग्रजीची खूण बसते. असे लेखन नष्ट होत नाही, परंतु भाषेनुसार शोध घेणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ते अदृश्य होते. मुळात अल्पसंख्य असलेल्या भाषांना ही हानी अधिक जाणवते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लेखनाचा मागोवा घेणाऱ्याला मराठी म्हणून नोंद झालेले लेखनच प्रथम भेटते, हे येथे विसरता येणार नाही.

भाषांतराच्या बाबतीतही ॲपगणिक फरक पडतो. सर्व्हरचालकाने डीपएल किंवा लिब्रेट्रान्सलेट यांपैकी एखादी सेवा जोडली असेल, तर वेबपृष्ठावर तिचे भाषांतर मिळते. काही त्रयस्थ ॲप्स सर्व्हरला वळसा घालून दुसरीच सेवा वापरतात. एकच कन्नड वा बंगाली पोस्ट दोन ॲप्समध्ये दोन भाषांतरकारांकडून वाचली जाण्याचा संभव यातून निर्माण होतो. भाषांतरकाराचे नाव न देता भाषांतर उद्धृत करणे आपल्या शिस्तीत बसत नाही. तोच दंडक येथेही लागू केला पाहिजे.

क्रम आणि नामकरण यांचाही उल्लेख करावयास हवा. मुख्य टाइमलाइन कालक्रमाने चालते. पण फॅन्पीमध्ये इतरांनी पुढे पाठवलेल्या पोस्ट एकत्र करून आडव्या पट्टीत वेगळ्या मांडता येतात, त्यामुळे मूळ लेखन आणि पुनःप्रसारण यांची सरमिसळ टळते. मॅस्टोडॉनवरील पोस्टला आरंभी 'टूट' असे खेळकर नाव होते. २०२२ च्या ४.० या आवृत्तीने प्रकाशनाच्या बटनावरून ते काढले. एखाद्या लेखनव्यवहाराचा इतिहास लिहिताना असे शब्द केव्हा, कोणत्या ॲपमध्ये होते आणि केव्हा गेले, याची नोंद आवश्यक ठरते.

एक मर्यादा मात्र ॲपच्या पलीकडची आहे. कोणत्याही चर्चेची जी उत्तरे आपल्या सर्व्हरपर्यंत पोचली तेवढीच ॲपला दाखवता येतात. निसटलेली उत्तरे मागवून घेण्याची व्यवस्था ४.५ या आवृत्तीत आली आहे. तरीही संपूर्ण चर्चा पाहावयाची असल्यास मूळ पोस्ट तिच्या स्वतःच्या सर्व्हरवर ब्राउझरमध्ये उघडणे हाच विश्वसनीय मार्ग होय.

७. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून निवडीचे काही निकष मांडता येतात. प्रथमच प्रवेश करणाऱ्याने अधिकृत ॲपपासून आरंभ करण्यास हरकत नाही. मात्र सर्व्हर त्याने स्वतः निवडावा, पुढे आलेला जसाच्या तसा स्वीकारू नये. एखाद्या भाषिक वा विद्याशाखीय समूहाच्या सर्व्हरवर खाते असल्यास स्थानिक टाइमलाइन सहज दाखवणारे ॲप घ्यावे. एकाहून अधिक भाषांत लिहिणाऱ्याने भाषेची खूण प्रत्येक पोस्टला बदलता येते की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. ही एक कसोटी इतर सर्व सोयींहून महत्त्वाची आहे. चित्रांचे वर्णन लिहिण्याची सोय ठळकपणे देणारे आणि वर्णन राहून गेल्यास आठवण करणारे ॲप दृष्टिहीन वाचकांच्या दृष्टीने इष्ट होय. त्रयस्थ ॲप घेताना त्याची शेवटची सुधारणा केव्हा झाली, ते किती व्यक्तींच्या आधारावर चालते आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे काय, हे तपासावे. सशुल्क ॲप वर्ज्य मानण्याचे कारण नाही. कर्त्याचा चरितार्थ चालला तरच त्याची देखभाल चालते.

संशोधनासाठी वाचन करणाऱ्याने दोन ॲप्स ठेवावीत. एक नित्याचे आणि दुसरे पडताळ्यासाठी, शक्यतो ब्राउझरमधील. अवतरणाचा दुवा मूळ सर्व्हरवरील जाहीर पानाचा द्यावा आणि वाचन कोणत्या सर्व्हरवरून, कोणत्या ॲपमधून, कोणत्या दिनांकास केले, हे नोंदवावे. भाषांतर वापरले असल्यास ते कोणत्या सेवेचे, हेही सांगावे. केवळ अनुयायांसाठी लिहिलेली पोस्ट आपल्या ॲपमध्ये दिसते म्हणून ती उद्धृत करण्यायोग्य ठरत नाही. लेखकाने ठरवलेली वाचकमर्यादा अभ्यासकावर बंधनकारक आहे.

८. समारोप

अधिकृत ॲप श्रेष्ठ की त्रयस्थ, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही, कारण विकेंद्रित जाळ्यात या दोन संज्ञांमधील अंतर मुळात फार थोडे आहे. दोन्ही प्रकारची ॲप्स एकाच खुल्या एपीआयवर उभी आहेत आणि बहुतेक वापरकर्त्यांच्या दृष्टीने दोन्ही त्रयस्थांचीच आहेत. खरा अधिकार आहे तो एपीआय रचणाऱ्याकडे आणि सर्व्हर चालवणाऱ्याकडे. ट्विटर आणि रेडिट यांच्या बाबतीत २०२३ साली जे घडले ते मॅस्टोडॉनमध्ये त्याच रीतीने घडणे कठीण आहे, कारण दार लावण्याचा अधिकार एका हाती नाही. पण पूर्वनिवडीच्या रूपाने अधिकार हळूहळू एकवटू शकतो आणि भाषेची खूण लावण्याच्या एका लहानशा जागेवरून एखाद्या भाषेचे लेखन दिसते वा लोपते. आवृत्तीची चिकित्सा करण्याची जी सवय साहित्याभ्यासाने आपल्याला लावली आहे, तिचा उपयोग फोनवरील या आवृत्त्यांच्या बाबतीतही करावयास हवा.